तिसऱ्या सिलिंडरचा वरचा प्लग

मित्रांनो, मी एका छोट्या विमानाचा स्पार्क प्लग आहे. पण आता माझा मुक्काम विमानात नाही. केजच्या एका पंप दुरुस्तीच्या दुकानात, देवाच्या फोटोखालच्या फळीवर, एका जुन्या कोयत्याशेजारी मी पडून असतो. गिऱ्हाईक मला हातात घेऊन विचारतं, ही कुठल्या मोटारसायकलची वस्तू? अजूनही मला ते लागतं. माझं काम आभाळात होतं हो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या एका टोकाला ठिणगी पडते. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या चिनी मातीची खोल नळी आहे, तिला मी माझा गळा म्हणतो. विजेची वायर या गळ्यात उतरते. गळा स्वच्छ आणि कोरडा असेल तर वीज सरळ खाली जाते आणि ठिणगी पडते. गळ्यात घाण असेल तर वीज मधल्यामध्येच दुसरीकडे पळते. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या गळ्याचीच आहे.

आम्ही आठ भावंडं एकाच खोक्यातून माजलगावजवळ अर्जुनरावांकडे आलो. अर्जुनराव मोठे बागायतदार, राजकारणात मुरलेले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला वरून झेंडूच्या पाकळ्या उधळायची आपल्याकडे भारी हौस, म्हणून त्यांनी हे दोन सीटचं विमान घेतलं होतं. त्यांची मुलगी प्रियदर्शनी ते चालवायची. तिने दोरी ओढली की पोटाखालची पेटी उघडायची आणि खालच्या माणसांच्या माना वर व्हायच्या. इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, एक वर, एक खाली. एकाने दगा दिला तर दुसऱ्याने सांभाळायचं, यासाठी ही जोडी. मी तिसऱ्या सिलिंडरचा वरचा.

आमची देखभाल बंकट मिस्त्री करायचे. ते नांदूरघाटचे, ऊसतोड कामगारांच्या घरातले. आई बायनाबाईंनी कोयता चालवून त्यांना विमानाच्या मिस्त्रीचं शिक्षण दिलं होतं. बाभळीच्या फळीला आठ भोकं पाडून त्यांनी आमच्यासाठी घर केलं होतं, म्हणजे कोण कुठला याचा घोळ नको. हातातून पडलेला प्लग ते पुन्हा कधी बसवत नसत. वरून धड दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो, म्हणायचे. इंजिन अडखळलं की ते थोडं चालवून बंद करायचे आणि प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीवर पाण्याचा थेंब टाकायचे. जिथे थेंब चर्र करत नाही, तिथला प्लग आजारी. अर्जुनराव चार माणसांत सांगायचे की बंकटच्या हाताखाली इंजिन खोटं बोलत नाही. ते ऐकून आम्हा आठांनाही बरं वाटायचं.

मग खंडेनवमी आली. बंकट मिस्त्रींनी हत्यारं धुऊन मांडली, फळीसकट आम्हालाही मांडलं. बायनाबाई मुद्दाम गावाहून आल्या होत्या, आपला कोयता घेऊन. त्यांनी आधी कोयत्याला हळदीकुंकू लावलं, मग आम्हाला. नजर अधू झालेली. ओलं बोट माझ्या पोलादी अंगाला लागायचं ते थेट गळ्यात गेलं. नंतर मिस्त्री फडक्याने आम्हाला पुसत माझ्यापर्यंत आले, तेव्हा म्हातारीने त्यांचा हात धरला.

"लावल्यालं कुकू पुसत नसत्यात रं. एकाला तरी राहू दे."

आईचं मन कसं मोडायचं? आज राहू दे, उद्या पुसू, असं म्हणून त्यांनी मला तसंच बसवलं. तो उद्या लांबत गेला, आणि दिवाळीनंतर आठ दिवसांत बायनाबाई गेल्या.

माझ्या गळ्यातलं कुंकू इंजिनाच्या उष्णतेने करपत गेलं. त्याची एक तांबूस काळी रेघ झाली. दमट हवेत वीज त्या रेघेवरून पळायची आणि माझी ठिणगी विझायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण आमच्या जातीला वाचा नाही.

एका धुक्याच्या सकाळी, उड्डाणाआधीच्या तपासणीत इंजिन अडखळलं. मिस्त्रींनी थेंब टाकले. तिसरी नळी इतरांपेक्षा थंड. त्यांनी मला बाहेर काढलं, खालचं टोक पाहिलं. ते स्वच्छ होतं, ठिणगीची फटही बरोबर होती. मग त्यांनी बॅटरीचा उजेड गळ्यात टाकला आणि त्यांना ती रेघ दिसली. त्यांनी काडीला फडकं गुंडाळलं, माझ्या तोंडाशी आणलं आणि हात तिथेच थांबला. आईच्या बोटाची तेवढीच खूण या जगात उरली होती. नवा प्लग मागवलेला होता, तो आला नव्हता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, पेटीत पाकळ्या भरलेल्या होत्या आणि अर्जुनरावांचे फोनवर फोन येत होते. मिस्त्रींचे डोळे भरून आले. मला त्यांची फार दया आली, आणि भीतीही वाटली.

त्यांनी मला तसंच बसवलं. ऊन वर आलं, हवा कोरडी झाली, पुन्हा इंजिन चालवलं तर ते ठीक चाललं. प्रियदर्शनीने आत बसून विचारलं, "बंकटमामा, नेऊ का?"

"न्ये ताई. चालंल."

त्या माणसाच्या तोंडून "चालंल" हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

विमान उठलं. पूर्ण जोर लागला आणि मी पुन्हा विझलो. तरी निभावलं असतं, पण त्याच वेळी माझा खालचा जोडीदार काजळीने बसला. ज्या क्षणासाठी मला त्याच्या जोडीला बसवलं होतं, तो हाच. मला काही करता आलं नाही. एक सिलिंडर मेला, विमान थरथरायला लागलं, उंची मिळेना. समोर ऊस होता. प्रियदर्शनीने त्यातल्या त्यात नीट उतरवलं, तरी तिचा उजवा गुडघा चिरडला. ऊसतोड कामगारांनी कोयत्याने वाट काढून तिला बाहेर आणलं. सगळ्या फडात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

चौकशीला आलेल्या तंत्रज्ञाने मला काढलं, गळ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला आणि यंत्रावर लावून पाहिलं. लख्ख निळी ठिणगी पडली. जे पोराच्याने पुसवलं नाही, ते परक्या माणसाने दोन वेढ्यांत पुसून टाकलं.

मिस्त्रींनी विमानाचं काम सोडलं आणि मला सोबत घेऊन केजला हे पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. काही महिन्यांनी प्रियदर्शनी काठी टेकत या दुकानात आली. तिला आता विमान चालवायची परवानगी नाही. तिने एवढंच विचारलं, "मामा, तुम्हाला ते आधी दिसलं होतं?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "दिसलं व्हतं, ताई. पुसवलं न्हाई."

ती काठी टेकत निघून गेली. पुन्हा आली नाही.

परवाच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी आईच्या कोयत्याला कुंकू लावलं. मग ओलं बोट माझ्याकडे आलं, मध्येच थांबलं आणि त्यांनी ते आपल्या सदऱ्याला पुसलं. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण कामाला लावण्याआधी आम्हाला पुसा. कितीही जिवावर आलं तरी पुसा. त्या सकाळी मला एका कोरड्या फडक्याशिवाय काहीच नको होतं.