दोन्ही बाटल्या

बायको गेल्यापासून ओढ्याचं पाणी तपासणारा तो माणूस सगळं वेळच्या वेळी करत होता. जेवायचा, दाढी करायचा, कामावर जायचा. लोक म्हणत, सावरला बिचारा. आत मात्र सगळं बधिर होतं.

त्या वर्षी रोपवाटिकेच्या खालच्या अंगाला ओढ्यातल्या दगडांखालचे किडे एकाएकी कमी झाले. पाणी बिघडलं की आधी किडेच जातात. त्याने एक बाटली रोपवाटिकेच्या वर भरली, एक खाली. खालच्या बाटलीत कीटकनाशक निघालं. त्याच्या साहेबांना घाई, वरच्या बाटलीचा निकाल यायच्या आतच रोपवाटिकेला टाळं ठोकलं. मालकाला सगळे मामा म्हणत. मामा घसा फोडून सांगत होता, "अहो, असलं औषध मी आणतच नाही!" पण ऐकतो कोण?

मग प्रयोगशाळेतून मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, वरच्या बाटलीतही तेच आहे. खालच्याइतकंच."

"वर तर नुसतं रान आहे."

"म्हणून विचारते. बाटल्या भरायच्या आधी काय केलंत?"

"काय करणार? कुत्र्याला पिसवा झाल्या होत्या. मानेवर औषध चोळलं नि निघालो."

"त्या औषधातही हेच कीटकनाशक असतं. हातमोजे?"

"नव्हते."

"ताई घालायची ना, भाऊजी."

"कुत्र्याचं सगळं तिचं खातं होतं," तो म्हणाला. "पण मग किडे का गेले?"

"ते शोधू पुन्हा. बाटलीतलं औषध मात्र तुमच्या हातचं."

तो साहेबांकडे गेला. साहेब खुर्चीत मागे रेलले. "किडे गेलेत ना? मग मामाने काहीतरी केलंच असणार. कशाला हात दाखवून अवलक्षण करताय?"

"अहवाल मागे घ्या. नाहीतर मी वर कळवतो," तो म्हणाला. आवाज चढला नाही की कापला नाही. साहेबांनी चडफडत सही केली.

तिथून तो थेट रोपवाटिकेत गेला. मामा सुकलेल्या रोपांचे ट्रे कुंपणाच्या फटीतून बाहेर काढत होता.

"आता काय राहिलंय न्यायचं?"

"टाळं काढतो, किल्ली आणलीय. चूक माझी. माझ्या हाताला कुत्र्याचं औषध होतं."

मामा त्याच्या हाताकडे बघतच राहिला. "कुत्र्याचं? माझी माणसं दुसरीकडे कामाला लागली, साहेब! एक उरला नाही. शिव्या दिल्या तर चालेल?"

"द्या."

मामाने हात आखडता घेतला नाही. पार आजोबांपर्यंत जाऊन आला. तो उभा राहून ऐकत होता, एखादी तरी लागेल म्हणून वाट बघत होता. एकही लागली नाही.

"अहो, बोला की काहीतरी!" मामा धापा टाकत ओरडला.

"माझी बायको गेली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

"ठाऊक आहे. पण टाळं मला लागलं ना?"

"हो."

मामाने घाम पुसला. सावलीत थोडे हिरवे ट्रे शिल्लक होते, त्यांच्याकडे बोट केलं. "हे आत न्यायचेत. माणूस नाही. धरा त्या टोकाला."

त्याने धरलं.