गिळलेला कण

चमकला... नाही, तो नाही, शेजारचा. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी तिनं केसभर सरकवली आणि भक्षकपेशीच्या पोटात तो कण पुन्हा उजळला, एवढासा, अणकुचीदार... तिचा ऊर धडधडू लागला. इतकी वर्षं पुस्तकात पाहिलेलं चित्र—फुप्फुसात शिरलेली दगडाची धूळ, चाहूल लागताच सरकत आलेली पेशी, कणाभोवती अंग लपेटून त्याला सबंध गिळणं—हे खरंच असं असतं! आणि ज्यांच्या फुप्फुसात नळीनं पाणी सोडून परत काढलेला हा थेंब, ते बाबा मागं स्टुलावर बसून खोकताहेत.

"काय गं, सापडलं का काही? दुपारी स्वयंपाकघराच्या दोन ओट्यांचे दगड कापायचेत मला."

ओटे—आणि तेही कोरडेच. पाणी सोडलं की दगडावर आखलेली रेघ धुऊन जाते, म्हणून धूळ दाबणारं ते पाणी बाबा करवतीवर सोडतच नाहीत... आज दाखवायचं आणि सांगायचं, करवत बंद. तेवढ्यासाठी तर कॉलेजातल्या मॅडमना विचारून मी त्यांना प्रयोगशाळेत आणलं. पण बाबांनी भिंगाला डोळा लावला आणि तिची जीभ सुटलीच.

"ती गोल दिसली? राखणदार आहे ती, बाबा. कण आला की गिळते, आणि गिळता गिळता बाकीच्यांना हाका मारते! बघा, आल्या पण सगळ्या!"

"आयला! ह्या माझ्या? एवढ्या?"

"तुमच्याच!"

"आणि हा दगड हिनं गिळला? शाब्बास गं बाई! तुझी आई उगाच काम सोडा म्हणून डोकं खाते माझं. आत एवढी फौज उभी असताना..." ते खोकले, हसले, पुन्हा वाकले. "मग निघू ना मी?"

फौज... हा शब्द त्यांचा, पण फौज उभी केली ती मीच. आणि गोष्ट अर्ध्यातच राहिली—गिळलेला दगड पचत नाही, पेशीच फुटते, कण जसाच्या तसा बाहेर, मग दुसरी येते, तीही फुटते, हाका थांबतच नाहीत आणि त्या हाकांपायीच फुप्फुसावर वण चढत जातात... सगळं तोंडपाठ होतं तिला. पण बाबांच्या आवाजातलं ते नवल अगदी तिचंच होतं, तिच्याच पट्टीतलं. ऊर मघासारखाच धडधडत होता. फक्त ती धडधड आता कसली, हे तिला कळेना.

"बाबा, थांबा, गोष्ट अर्धीच सांगितली मी," ती म्हणाली, आणि तो आवाज तिलाच अनोळखी वाटला—एका आजारी माणसाच्या मुलीचा.