शंभर माणसांचं मीठ

फौजेतून सुटलेला माणूस घरी आला की न्हावरे गावाला त्याच्यासाठी एकच काम सुचतं: कुठल्या तरी गेटवर उभा करा त्याला. कारगिल नुकतंच होऊन गेलेलं, फौजीला गावोगाव भाव. चांदभाई शेख हवालदार म्हणून रिटायर होऊन आला, तेव्हा साखर कारखान्याचे संचालक पोपटराव चहाच्या हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाले, "काळजी सोडा चांदभाई. तुमच्यासारखा लढवय्या गडी गेटवर म्हंजी चोराची छाती व्हायची न्हाई." आणि शब्द टाकून त्यांनी त्याला शिरूरकडच्या एका कंपनीच्या गेटवर चिकटवलासुद्धा.

तिथं दिवसभर दांडा वर करायचा, दांडा खाली करायचा. काय ते काम! माणूस वाळून खारीक झाला. आळीतले कोंडिबा आबा सांगायचे, "बँकेत बंदूकवाला व्हा." दुसरा कुणी म्हणायचा, "पोरांना भरतीसाठी तयार करा, गोळी कशी झाडायची ते शिकवा." सगळे सल्ले फिरून बंदुकीपाशी यायचे आणि चांदभाई चहा अर्धा टाकून उठायचा.

कारण खरी गोष्ट एकट्या नूरबीला, त्याच्या बायकोला ठाऊक होती. चांदभाई फौजेत लंगरचा, म्हणजे पलटणीच्या भटारखान्याचा, कुक होता. अख्खी नोकरी हातात झारा. पहिल्या सुट्टीला तो वर्दीत एसटीतून उतरला तर गावानं हार घातला, फटाके लावले. आता अशा वेळी 'मी डाळ शिजवतो' असं कोण सांगेल हो? तेव्हा राहून गेलं ते गेलंच. पुढं रिटायर झाल्यावरही दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्याला सलाम ठोकायला तोच.

अशात त्याच्या मुलीला, सबाला बघायला दौंडचे नौशादभाई यायचे ठरले. रेल्वेतून रिटायर झालेला मानी माणूस. मुलगा अनिस मोटार मेकॅनिक. मुलीचा बाप बॉर्डरवर लढलाय, असं मध्यस्थानं आधीच फुगवून सांगितलेलं. सबानं अनिसला एका लग्नात पाहिलं होतं. तोंडानं ती काही बोलली नव्हती, पण आठवडाभर भांडी घासताना गुणगुणत होती.

आणि नेमकी आदल्या दिवशी नूरबी तापानं फणफणली.

"मी रांधतो," चांदभाई म्हणाला.

नूरबी अंथरुणात उठून बसली. "पाच पाहुणे हायेत, सबाचे अब्बा. पलटण न्हाई."

तिचं काय चुकलं? मागं एकदा त्यानं घरापुरती डाळ केली होती, तिला शेळीनंसुद्धा तोंड लावलं नव्हतं. हात पडला शंभर माणसांचा. चिमटीनं मीठ घालायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"म्हणून तर शंभराचं करतो," तो म्हणाला. "पाहुणे जेवतील, उरलेलं गल्लीत गुपचूप वाटू."

गुपचूप म्हणे! मशिदीची मोठी देग बैलगाडीवर खणाणत आळीतून गेली आणि हा बाबा म्हणतोय गुपचूप. देग ज्याच्या दारात उतरली त्याच्याकडं कार्य आहे, आणि कार्याला निराळं बोलावणं लागत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात ईदसाठी राखलेला बोकडही कापलेला. गावानं ओळखलं, सबाचं ठरलं!

चांदभाईला कशाचं भान होतं? बाह्या सारून तो पहाटेपासून चुलाणापाशी. किती वर्षांनी गडी माणसात आला होता! डाळ-मटणाच्या दालच्याचा वास पार शाळेपर्यंत गेला.

दुपारी नौशादभाई मंडळींसह जीपमधून उतरले, तर दारात पंगत बसलेली. पोपटराव हातातला घास टाकून उठले आणि त्यांनी खरकट्या हातानंच त्यांना मिठी मारली. "या व्याही! पोरगी लाखात एक हाय बघा!"

नौशादभाईंचं डोकंच फिरलं. "आम्ही अजून मुलगी बघितली न्हाई, आन् तुम्ही गाव जेवायला घातलं? गळ्यात बांधायचा बेत हाय व्हय? चल रे अनिस."

अनिसचा पाय उचलेना. चांदभाईनं दाराकडं पाहिलं. दाराआड सबा उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून रडत होती. खरं सांगावं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही, न सांगावं तर पोरीचं मोडतंय. फार वाईट वाटलं त्याला. त्यानं झारा खाली ठेवला आणि पंगतीसमोर सावधानमध्ये उभा राहिला.

"नौशादभाई, गाव मी बोलावलं न्हाई. मी लढाईबी केली न्हाई. मी लंगरचा कुक व्हतो. मला शंभर माणसांचंच रांधता येतं. पाच जणांचं केलं असतं, तर तुम्ही पहिल्याच घासाला उठून गेला असता. म्हणून देग आणली. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

कोंडिबा आबांचा हात ताटातच राहिला. "मंग ती बंदूक?"

"वरसातून एकदा, आबा. तीबी निशाणाला लागायची न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. चांदभाईचे कान लाल झाले, पण मान ताठच होती.

नौशादभाईंनी चपला काढल्या आणि पंगतीत मांडी घातली. "आपलीच इज्जत जाईल असलं खोटं कुणी आपल्याच गावात सांगत न्हाई," ते म्हणाले. "वाढा." दुसऱ्यांदा दालचा घेताना त्यांनी विचारलं, "मुलगीबी असंच शंभराचं रांधती का?"

"न्हाई न्हाई, ती आईवर गेलीय."

"मंग बोलवा तिला. पोरांना एकमेकांशी बोलू द्या."

पोपटराव मात्र बोटं चाटत भडकले होते. "मर्दा, मंग गेटवर कशाला मरत व्हता? वैशाखात आमच्या रविराजचं लगीन हाय. दोन हजार पान. आचारी शोधून माझं डोकं उठलंय!"

"तुम्हीच उभं केलं व्हतं मला तिथं."

"मला काय सपान पडलं व्हतं?"

दिवस कलताना देग घासून परत गेली. तळाला शीतही उरलं नव्हतं. तेव्हा कुठं चांदभाईला आठवलं, नूरबी सकाळपासून उपाशी आहे. तो आत गेला, वाटीभर तांदूळ-डाळ घेतली आणि मिठाच्या बरणीसमोर घाम फुटेस्तोवर उभा राहिला. एका माणसाचं मीठ! चिमूट घेतली, अर्धी परत टाकली, पुन्हा घेतली.

नूरबीनं खिचडी खाल्ली. ताट पुसून खाल्ली.

"कशी झालीय?"

"झ्याक," ती म्हणाली, आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा रिकामा केला. मग तिनं तो त्याच्यापुढं धरला. "आणखी एक भरून आणा."