चढावर उभ्या जीपचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी डिपस्टिक आहे. इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी लांब, अरुंद पट्टी. माझ्या टोकाशी दोन खुणा आहेत. तेल वरच्या खुणेच्या वर जायला नको आणि खालच्या खुणेच्या खाली उतरायला नको, एवढेच मला कळते आणि एवढेच मी आयुष्यभर दाखवत आले. म्हणून माझ्याच मालकाने भर मैदानात मला खोटारडी म्हटले, तेव्हा बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. कळू लागले तेव्हा मी दार्जिलिंगच्या डोंगरात, हर्कमान राईंच्या हिरव्या जीपमध्ये होते. माणसे, बटाटे, कोंबड्या, सगळे या जीपने बाजारात जायचे. हर्कमान रोज सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडत, मला ओढून फडक्याने स्वच्छ पुसत, पुन्हा आत घालत आणि बाहेर काढून उजेडात धरत. "हर्के दाइ बायकोचं तोंड नंतर बघतो, गेजचं आधी," असे बाकीचे ड्रायव्हर म्हणत. दाइ म्हणजे दादा, आणि गेज म्हणजे मीच. मला तेव्हा फार ऐट वाटायची.

त्या काळी घरापर्यंत रस्ता नव्हता. जीप खालच्या फुटबॉलच्या मैदानावर उभी राही, कारण आमच्या गावाला सपाट जागा तेवढीच. पुढे रस्ता वर आला. हर्कमानांच्या बायकोने, मनमायाने, आनंदाने जीपच्या आरशाला खादा, म्हणजे शुभाचा पांढरा रुमाल, बांधला. त्या दिवसापासून जीप घरासमोर, नाक डोंगराकडे करून, मागच्या चाकाला दगड लावून उभी राहू लागली. गावातल्या सगळ्याच जीपा तशा उभ्या राहू लागल्या, आणि सगळ्यांचे तेल तिथेच, अंगणातच बघितले जाऊ लागले.

आता तुम्हीच सांगा, नाक वर केल्यावर तेल कुठे जाणार? ते इंजिनाच्या मागच्या बाजूला गोळा होई, आणि मी नेमकी मागच्याच बाजूला. इंजिन रोज थोडे तेल जाळतच होते, पण उरलेले थोडेसे तेलही माझ्या अंगावर वरच्या खुणेपर्यंत चढे. जेवढे लागे तेवढे मी दाखवी. जीप तिरकी उभी आहे, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते, मग सांगणार कसे?

"यंदा ही तेल पीतच नाही गं," हर्कमान बायकोला म्हणाले.

"म्हातारी झाली. या वयात भूक कमीच होते," मनमाया म्हणाली. "तुमचीच तेवढी होत नाही."

मध्येच एखाद्या वळणावर, तेल कमी झाले की लागणारा स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा लुकलुकू लागला. वायर लूज असेल म्हणून हर्कमानांनी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी थक्कच झाले. ज्याला बोलण्यासाठी बसवले आहे, त्याचेच तोंड बंद करायचे, ही कुठली रीत?

त्यांची मुलगी सुनिमा बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई फौजेत, लांब. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली ती हात पुसतच. "मूल आडवं आहे. हे माझ्याच्यानं होणार नाही. दार्जिलिंगच्या हॉस्पिटलात न्या, आणि उशीर करू नका."

त्या घाईतही हर्कमानांनी मला बाहेर काढून बघितले. "भरलेलंय. बसा."

उतारावर चार वळणे झाली आणि इंजिन टकटक करू लागले. हर्कमानांचा चेहरा उतरला. त्यांनी जीप मैदानात घातली आणि बंद केली.

"बा, थांबलात का?" सुनिमाने दात आवळून विचारले.

"वरचं तेल खाली उतरू दे, नानी. धीर धर पोरी, दोन मिनिटं."

"माझ्याकडे नाहीत दोन मिनिटं."

तरी ते थांबले. मग मला पुसून, आत घालून बाहेर काढले. माझे टोक जेमतेम ओले होते. त्यांनी पुन्हा बघितले. पुन्हा तेच. "सकाळी भरलेली होती. खोटारडी कुठली," ते पुटपुटले. जीपखाली वाकून बघितले, तर एक थेंब सांडलेला नाही. मी सुन्न झाले. मलाही काही उलगडेना.

तेवढ्यात वरून आमच्याच गावातल्या पेम्बा तामाङची जीप बटाट्याची पोती घेऊन आली. या दोघांचे कधीच पटले नव्हते. हर्कमान थेट त्याच्या अंगावर गेले. "माझं तेल काढलंस तू."

"तुझं काळं तेल घेऊन मी काय सेल रोटी तळू? माझ्या गाडीत काठोकाठ आहे. हे बघ." पेम्बाने आपले बॉनेट उघडले, थोडा थांबला आणि पट्टी ओढून उजेडात धरली. तीही कोरडी.

मनमाया जीपच्या आतून ओरडली, "ताट कललं की डाळ एका कडेला जाते, हे जेवताना बरं दिसतं तुम्हाला. अंगणात गाड्या उभ्या करता कशा, ते आठवा. आणि चोर नंतर शोधा, माझी मुलगी मरतेय इथं."

हर्कमानांनी मान वर केली. डोंगरभर जीपा नाक वर करून उभ्या होत्या. "सगळ्यांचंच तेल मागे गोळा झालंय," ते म्हणाले.

पेम्बाने त्यांना दंडाला धरून जीपकडे वळवले. हर्कमानांच्या सीटखाली तेलाचा एक डबा न फोडलेला पडून होता, कारण तो लागलाच नव्हता. पेम्बाने आपलाही डबा आणला.

"मग तुझी गाडी?" हर्कमान म्हणाले.

"बटाटे थांबतील, दाइ. त्यांना काही जन्माला यायचं नाही."

दोन्ही डबे आमच्याच इंजिनात गेले. मला पुन्हा घालून काढले. तेल खालच्या खुणेच्या जरासे वर आले होते. जीप सुरू झाली, टकटक हळूहळू थांबली आणि आम्ही निघालो.

ऊन कलताना हर्कमान आणि मी परतलो. पेम्बा त्याच मैदानात पोत्यांवर बसून होता. हर्कमानांनी बाजारातून आणलेला डबा त्याच्या जीपमध्ये ओतायला घेतला. बरेचसे तेल बाहेरच गेले.

"दाइ, आधी बोल तरी."

"मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या." ते रडू लागले. "आणि मी भरलेलंय म्हणून तिला गाडीत बसवलं रे."

मित्रांनो, आता आमच्या गावातली प्रत्येक जीप आधी मैदानात येते, थोडा वेळ शांत उभी राहते, आणि मगच तेल बघितले जाते. तुम्हीही तसेच बघा. गाडी सपाट जागी आणा, इंजिन बंद करा, तेल खाली उतरू द्या, पट्टी पुसून पुन्हा घाला. दिवा लागला तर त्याचे तोंड झाकू नका. मला खोटारडी म्हटले, ते मी सोसले. पण माझ्या भरवशावर एक बाप आपल्या मुलीला "बस" म्हणाला होता, आणि तेव्हा माझ्या खाली तेल जवळजवळ नव्हतेच, हे आठवले की मी अजून हादरते.