मेंढपाळ आजीच्या छातीतलं लोखंड

नेपाळातल्या त्या डोंगरगावाची सगळी माणसं शाळेच्या पटांगणात जमली होती. बकऱ्यासुद्धा आल्या होत्या. समोर चौरंगावर पितळी ताट, ताटामागे आमचे लोहानंद महाराज आणि त्यांच्या पुढ्यात खोकत बसलेली एक सुरकुतलेली मेंढपाळ आजी. महाराजांनी तिच्या छातीवर विभूती चोळली, ती ताटात झटकली आणि आरोळी ठोकली, "लोहमाये, बाहेर ये!"

आणि खरंच की! राखेतून काळे काटे ताठ उभे राहिले, साळिंदर अंग फुलवतं ना, तस्से! महाराजांनी ताट हलकेच फिरवलं तसे ते डुललेसुद्धा.

"निघालं! छातीतलं लोखंड निघालं!" आमच्याबरोबर आलेले कोंडीराम काका ओरडले. "माझंबी असंच काढलं व्हतं!"

मी नीलिमा, पिंपरीची, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. माझी पद्माआत्या नर्स आहे. महाराजांच्या मंडळाने नेपाळात आरोग्यसेवा यात्रा काढली, औषधांच्या पेट्या घेतल्या. आत्या त्या पेट्यांसाठी आली आणि मी हिमालय बघायला. सेवा म्हणून पट्ट्या गुंडाळत होते, नाही असं नाही.

आमच्याकडे महाराजांचा एवढा बोलबाला का, तर पिंपरीत घरटी एक माणूस कंपनीत. शिफ्टवरून आलेले कपडे झटकले तर काळी धूळ, रुमालात शिंकलं तर काळं. मग छातीत लोखंड साठतं, हे सगळ्यांना पटलेलंच. महाराज ते फक्त काढून दाखवायचे.

कोंडीराम काका कुरुळीचे, आमच्या बाबांच्याच कंपनीत ग्राइंडरवर. डॉक्टरांनी त्यांना क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. महाराजांनी 'लोखंड काढलं' आणि काकांनी गोळ्या सोडल्या. आत्या त्यांच्या गोळ्या पिशवीत घालून घेऊनच फिरत होती.

"कोंडीरामभाऊ, उपचार अर्धवट सोडलात तर आजार उलटेल. मग याच गोळ्या लागू पडायच्या नाहीत. जिवावर बेतेल."

"न्हाई सिस्टर. जे भाईर पडलं त्याला गोळी कशापायी? ह्यो खोकला थंडीचा हाय."

थंडीचा! चढावर प्रत्येक दगडावर बसत आले होते बिचारे.

पण त्या आजीचे काटे बघून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मी हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा.

"महाराज, ही आजी तर मेंढ्या राखते. हिच्या छातीत लोखंड कुठून आलं?"

महाराज गोड हसले. "बाळ, मागच्या जन्मी ही फिटर होती."

"अय्या! पिंपरीत?"

मी वाकून ताटाचा वास घेतला. तो वास मी झोपेतही ओळखीन, बाबांच्या डांगरीला, म्हणजे कामाच्या कपड्यांना, रोज येतो तो. "महाराज, लोखंड मागच्या जन्मीचं आणि कंपनीतल्या ऑइलचा वास अजून ताजा?"

कोंडीराम काका दचकले. तेही वाकले, हुंगले. "आयला! ह्यो तर आपल्या ग्राइंडरचा कीस हाय!"

"नीले, गप्प बस," असं आत्या म्हणेल वाटलं होतं. ती म्हणाली, "नीले, थांबू नकोस."

मग काय! मी ताट उचललं. काटे धाडकन लोळले. परत चौरंगावर ठेवलं, पुन्हा ताठ. उचललं, झोपले. ठेवलं, उठले. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी महाराजांच्या बटव्यातली कोरी विभूती घेतली, कुणाच्याही छातीला न लावता थेट ताटात ओतली. तिलाही काटे!

"महाराज, विभूतीलाच दमा झालाय हो!"

काकांनी ताट बाजूला सारून चौरंगावरचं रेशमी वस्त्र ओढलं. खाली लाउडस्पीकरमधलं जाडजूड लोहचुंबक. काकांनी त्यावर हात ठेवला.

"रोज मी मशीनच्या चकावर, त्या लोखंडी पाटावर, घासायचा तुकडा ठिवतो, खटका दाबला की लोखंड चिकटतं. चुंबकच हाय त्यो. आन् हितं ताटाखाली त्योच, तर म्या पाया पडलो!"

"ह्या उंचीवर शक्ती विरळ होते," असं काहीतरी पुटपुटत महाराज तंबूत शिरले. तिथल्या शाळेच्या मास्तरांना हिंदी येत होती. त्यांनी सगळा प्रकार नेपाळीत सांगितला तेव्हा ती फिटर आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग शहाण्यासारखी आत्यासमोर छाती तपासून घ्यायला बसली.

तिच्या मागे रांगेत कोंडीराम काका.

"सिस्टर, त्या गोळ्या आणल्यात न्हवं? उशीर तर न्हाई ना झाला?"

"आजपासून रोज घ्यायच्या. पिंपरीला पोचलो की आधी डॉक्टर. आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"घेतो. नीले, पाणी दे गं पोरी."

मी पाणी दिलं. त्यांनी गोळी गिळली तेव्हा मला हिमालय दिसल्यापेक्षा जास्त आनंद झाला, शप्पथ.

तर वाचकहो, कारखान्यातली धूळ वाईटच. तोंडाला फडकं बांधा, छाती डॉक्टरांना दाखवा, गोळ्या पुऱ्या करा. आणि कुणी तुमचा आजार ताटात काढून दाखवला, तर हात जोडायच्या आधी त्याच हातांनी एकदा ताट उचलून बघा.