चार-वीस, उतार

त्या सकाळी गोकुळा पट्टीवर गेलीच नाही. पुढचं सगळं घडलं ते एवढ्यामुळे.

पट्टी म्हणजे नदीकाठी रोवलेले तीन लोखंडी खांब आणि त्यांवर मीटर-सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा. रोज सकाळी आठला जायचं, पाणी कुठल्या खुणेला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि तो आकडा मोबाइलवरून ऑफिसला आणि गावच्या ग्रुपवर टाकायचा. आकड्यापुढे एकच शब्द: चढ, उतार किंवा स्थिर. नऊ वर्षं हे काम गोकुळाकडे होतं. ऑफिस तिला गेज रीडर म्हणायचं, गाव पट्टीवाली बाई म्हणायचं, आणि तिचा नवरा मनसाराम, मासळी बरी मिळालेली असली की, नदीची कलेक्टर म्हणायचा. थट्टा सोडा, पण पावसाळ्यात त्या पाच-सहा गावांत तिच्या आकड्याशिवाय पान हलत नसे. पट्टीच्या खालच्या अंगाला, पाव कोसावर, कुरखेड्याच्या रस्त्यावरचा रपटा होता. नदीच्या जेमतेम वर असलेला सिमेंटचा बुटका पूल. पट्टीवर साडेचार मीटर झाले की रपटा पाण्याखाली. त्याच्या आत असलं की लोक डोळे मिटून गाड्या घालत.

आदल्या संध्याकाळी नीलाबाईची शेळी पट्टीच्या वाटेवर चरत होती, ती घरी आली नाही. वाटेच्या चिखलात वाघाच्या पंजांचे ठसे सापडले, ताटलीएवढे. वनरक्षक आला, पंजाशेजारी काडी ठेवून फोटो काढला आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, "एकट्यानं जाऊ नका. गेलंच तर वाकू नका, खाली बसू तर बिलकुलच नका. बसलेला माणूस त्याले जनावर दिसते." हे त्याने सांगायची गरज नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचता वेचता गेलेली वारलूची बायको वाकलेलीच होती.

एरवी मनसाराम डबा वाजवत तिच्यासोबत जायचा. आज तो पहाटेच मच्छीमार सोसायटीच्या लोकांबरोबर तलावावर गेला होता. गोकुळा एकटी निघाली, मोहाच्या झाडापर्यंत पोचली, पुढे वाट जिथे बांबूत शिरते तिथे तिचे पाय थांबले. बांबूत काही हललं नाही. काहीच हलत नव्हतं, पाखरूसुद्धा, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ती माघारी फिरली.

घरी येऊन चुलीपुढे बसून तिने हिशेब केला. दोन दिवस पाऊस नाही. परवा चार-चाळीस होतं, काल चार-तीस. नदी रोज दहा-दहा उतरून राहिली होती. आज काय वेगळं करणार आहे? तिने वहीत लिहिलं, चार-वीस, उतार. आकडाही असा निघाला की कोणी हसावं. नऊ वर्षांत न पाहता लिहिलेला तो पहिला आकडा, आणि नेमका चारशे वीस.

ग्रुपवर टाकून दोन मिनिटं झाली नाहीत तोच पायलचा फोन आला. पायल तिची एकुलती एक लेक, कुरखेड्यात मोबाइलच्या दुकानात कामाला.

"आई, सुट्टी भेटली. स्कूटीनं येऊन राह्यली मी. आकडा पाह्यला ग्रुपवर. येऊ ना?"

"ये ना. उतार हाये," गोकुळा म्हणाली.

उतार म्हणजे पाणी उतरतंय, आणि उतार म्हणजे नदी पार करता येते. एका शब्दात ती पोटच्या पोरीशी दोनदा खोटं बोलली होती. पण तेव्हा तिला तसं वाटलं नाही. तेव्हा तिला एवढंच वाटलं की पायलला वायगोळ्याची भाजी आवडते.

भाजीची भांडी घेऊन ती घरामागच्या नाल्यावर गेली. नाल्यात सागाचं एक पान तरंगत होतं. ती राख घेऊन पातेलं घासू लागली, आणि पान तिच्यासमोरून डावीकडे गेलं. तिचा हात थांबला. नाला उजवीकडे वाहतो. उजवीकडे नदी आहे. पानामागून एक काटकी आली, तीही डावीकडे गेली. पाठोपाठ पांढरा फेस. नाला उलटा चालला होता.

पाऊस नसताना नाला उलटा चालतो तो एकाच कारणाने. नदी फुगून त्याच्या तोंडात शिरते.  गोकुळाने तसेच राखेचे हात पदराला पुसून फोन लावला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. असणारच. कुरखेडा सोडलं की रपट्याच्या अलीकडे येईस्तोवर जंगलात रेंज नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तिने ग्रुपवर लिहिलं, "रपट्यावर जाऊ नका, पाणी चढून राह्यलं." मग वेळ पाहिली. पायल निघून वीस मिनिटं झाली होती.

रस्त्याने रपटा दीड कोस. पट्टीच्या वाटेने, बांबूतून, अर्धा.

ती विचार करत बसली असती तर गेली नसती. हातातलं पातेलं आणि पळी घेऊन ती बडवत सुटली. बांबूत शिरताच उजेड कमी झाला. पातेल्याचा आवाज आधी मोठा वाटत होता, आता तो तिलाच केविलवाणा वाटू लागला. एका वळणावर वास आला, उग्र, मुतलेल्या गोठ्यासारखा. तिने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं तर पाय थांबतील हे तिला सकाळीच कळलं होतं. ती तोंडाने काहीबाही बडबडत होती, देवाला, पायलला, पातेल्याला.

पट्टी आली. सवयीने नजर खांबावर गेली. चार-बेचाळीस. ती बघत असतानाच बेचाळीसची खूण बुडाली, चव्वेचाळीसची ओली झाली. पाणी लाल, फेसाळ, त्यावर पालापाचोळ्याचा थर. वर कुठल्याशा तलावाची पाळ फुटली होती, हे लोकांना दुपारी कळलं. गोकुळाला तेव्हा एवढंच कळलं की हे पावसाचं पाणी नाही आणि ह्याच्या मागे आणखी आहे.

रपट्याच्या तोंडाशी ती आली तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. पलीकडे स्कूटी होती. गुलाबी ओढणी. पायल. तिच्या मागे गावातल्या कोलूचा पिकअप, भाताच्या रोवण्याला निघालेल्या बायांनी भरलेला. आणि मधला रपटा कोरडा. नुसत्या त्याच्या कडा ओल्या. बघणाऱ्याला वाटावं, गाडी घाला आणि या.

"येऊ नको वो!" गोकुळा ओरडली. नदीने ते तिथल्या तिथे गिळलं. तिने दोन्ही हात हलवले. पलीकडून पायलनेही हात हलवला, हसत, आणि स्कूटीला किक मारली.

पुराच्या पाण्यावरून आवाज जात नाही आणि हलवलेल्या हाताचा ये की जा, काही अर्थ लागत नाही. म्हणून ढिवरांची, नदीवरच्या मासेमारांची, जुनी रीत आहे. काठावरचा माणूस उभा असेल तर ये. बसला असेल तर पाण्यात पाय टाकू नको. समजलं की समोरच्यानेही बसायचं. मनसारामने पायलला मासेमारीच्या डोंग्यात बसवून हे शिकवलं होतं, ती पाच वर्षांची असताना.

गोकुळाच्या मागे दहा-बारा हातांवर बांबू होता. पातेलं आता वाजत नव्हतं. मघाचा वास इथेही होता.

ती खाली बसली.

मांडी घालून, पाठ रानाकडे करून, चिखलात बसली. बसताना तिच्या मानेवरचा एकेक केस उभा राहिला. वारलूची बायको अशीच सापडली असेल, एवढाच विचार डोक्यात होता.

पायलची स्कूटी रपट्यावर चार हात आली आणि थांबली. पोरीने फोन काढून पाहिला. आता रेंज होती की नव्हती, तिने काय वाचलं, चार-वीस की दुसरं काही, गोकुळाला दिसत नव्हतं. कोलू हॉर्न वाजवत होता. तो ऐकू येत नव्हता, पण खिडकीतून बाहेर आलेला त्याचा हात दिसत होता. पायलने एकदा कोरड्या रपट्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग तिने स्कूटी मागे घेतली, पिकअपच्या पुढ्यात आडवी लावली आणि रस्त्यावर मांडी घालून बसली.

गोकुळाच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात पायल ताडकन उठली. दोन्ही हात तोंडावर. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या मागे बघत होती.

मागे वाळका बांबू मोडला. एकदाच, हलकेच.

गोकुळाला उठायचं होतं. अंगातला कणन् कण उठ म्हणत होता. पण कोलूचा हात अजून खिडकीबाहेर होता, पिकअपमध्ये पंधरा-वीस बाया होत्या, आणि ती उठली की त्याचा अर्थ एकच होता, या. पोर आईला वाचवायला तशीच रपट्यावर धावली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिने दोन्ही मुठींत चिखल घट्ट धरला, जणू जमीन सोडली तर ती आपोआप उभी राहील. मागे श्वास ऐकू येत होता. तो तिचाच असेल, असं ती स्वतःला सांगत होती.

मग नदीचा आवाज बदलला. वरच्या वळणावरून लाल पाणी एकदम आलं, मुळासकट उपटलेला एक येन पुढे घालून. येनाचं झाड रपट्यावर आपटलं, उभं राहिलं, पलटी खाऊन पलीकडे पडलं. रपटा दिसेनासा झाला. पाणी गोकुळाच्या गुडघ्यांपर्यंत आलं. ती उठली नाही. ती पायलकडे बघत होती.

पायल सावकाश खाली बसली.

म्हणजे मागे आता कोणी नव्हतं. गोकुळाने मान वळवली. बांबूच्या अलीकडे चिखलात ताजा पंजा होता आणि त्यात पाणी भरत होतं. दुसरा पंजा रानाकडे वळलेला.

कमरेचा फोन वाजला. ऑफिस होतं.

"गोकुळाबाई, खालच्या केंद्रावर पाणी एकदम चढतंय. तुम्ही सकाळी चार-वीस उतार दिलंय. पट्टी हलली आहे का?"

हो म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. दर पावसाळ्यात कुठली ना कुठली पट्टी हलतेच.

"पट्टी चांगली हाये, साहेब," गोकुळा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मीच पाह्यली नाई. घरी बसून लिहिलं. तसंच लिहा."

 तिने फोन ठेवला, आणि पाण्यात तशीच बसून राहिली, कारण समोर पायल अजून बसलेली होती.