बटण सोडल्याचं कुणी ऐकलंच नाही

मित्रांनो, शेपटीला चिकटपट्टी गुंडाळलेला एक जुना माऊस तुमच्याशी बोलतो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत काळा होतो. पराग्वेतल्या इतागुआ गावी, विणकर बायकांच्या सभागृहात मला संगणकाला जोडले. बायका पाळीपाळीने मला हातात धरून कौतुक करत. पुढे कौतुक सरले, अंगावर तेरेरेचे, म्हणजे तिथल्या थंडगार पानांच्या पेयाचे, डाग तेवढे उरले.

मग देओलिंदा आली. तिने उभे आयुष्य न्यांदुती विणली. कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल, नाजूक लेस. संधिवाताने बोटे सुजली आणि सुई धरवेना. आपले नमुने आपल्याबरोबर जाऊ नयेत म्हणून ती या वयात संगणकाच्या वर्गात बसली. पडद्यावर जाळे काढणारा छोटा प्रोग्राम तिने स्वतः लिहायला घेतला. मध्यावर माझे बटण दाबायचे, ओढत कडेला न्यायचे, सोडायचे. धागा तिथे पक्का व्हायला हवा.

तो होईना. बटण सोडले तरी धागा बाणाच्या मागे मागे भटके, सारे जाळे विस्कटे. देओलिंदा मला टेबलावर आपटी.

"मेलाय हा माऊस," ती म्हणे.

तिची बहीण नीमिया शेजारी विणत बसे. "सुई सुटली, आता उंदराच्या मागे लागलीस. तोंडी सांग ना, मी विणते."

"तोंडी सांगून तू कधी ऐकलंयस का गं?"

मित्रांनो, माझी चीड कुणाला सांगू? मी प्रत्येक वेळी इमानाने निरोप देत होतो: दाबले, हलले, सोडले. शेवटचा निरोप कुणी घेतच नव्हते. एके दिवशी तिने मला खोक्यात टाकले आणि नवा माऊस लावला. धागा तसाच भटकला. मग त्यालाही आपटणे सोसावे लागले.

तेव्हा शिक्षक आर्सेनियो, ज्याला वर्गातल्या साऱ्या 'प्रोफे' म्हणत, खुर्ची ओढून तिचे लिखाण वाचू लागला.

"देओलिंदाबाई, बटण दाबल्यावर काय करायचं ते लिहिलंय तुम्ही. माऊस हलल्यावरचंही आहे. सोडल्यावरचं कुठाय?"

"सोडल्यावर काय करायचं असतं? सोडलं की संपलं."

"तुमच्यासाठी संपलं. संगणकाला कुणी सांगितलं?"

मग ओठ आवळून तिने तेवढे लिहिले. धागा जागच्या जागी थांबला. चार धागे ओढून झाल्यावर तिने बोट चोळले.

"याचं बटण फार कडक आहे, प्रोफे. तो म्हातारा कुठाय?"

असा मी परतलो. माफी कुणी मागितली नाही. संध्याकाळी छापलेला नमुना नीमियाने हातात घेतला, खिडकीशी नेला.

"ही तर आईची पेरूच्या फुलाची नक्षी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, ती आईबरोबरच गेली."

आणि तिने सुईत दोरा ओवला.

मित्रांनो, यंत्र आपटण्याआधी आपण त्याला काय सांगितले आहे ते एकदा वाचून पाहा. हे इतक्या कळकळीने सांगतो, कारण देओलिंदाने आता धाग्यांना रंग द्यायला घेतला आहे आणि आज सकाळीच मी पुन्हा आपटला गेलो आहे.